स्किझोफ्रेनियाचं निदान झाल्यावर डॉक्टरांशी बोलायचं कसं

निदान सांगितलं त्या दिवशी डॉक्टर माझ्याशी २२ मिनिटं बोलले. हे मला भावाने नंतर सांगितलं, तो घड्याळाकडे बघत होता. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच: 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द, टेबलावर टोपण न लावता ठेवलेलं पेन, आणि 'रात्री एक गोळी'. बाकी सगळं कानावरून गेलं. त्यात एक वाक्य असं होतं, की ते डोक्यात शिरलं असतं तर माझे पुढचे चार महिने वाचले असते. ते कोणतं, हे ओघात सांगतेच.

पहिल्या भेटीतलं काही आठवत नसेल तर घाबरू नका. या आजारात मुळातच लक्ष टिकत नाही, नव्या गोळीची झापड असते, आणि त्यावर हा शब्द येऊन आदळतो. पुढच्या वेळी जाऊन सरळ म्हणा, "मागच्या वेळचं माझ्या काही लक्षात नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगा." याचं वाईट वाटणारे डॉक्टर मला अजून भेटलेले नाहीत.

मी डॉक्टर नाही. पेशंटच्या खुर्चीत ११ वर्षं बसलेली बाई आहे. कोणती गोळी, किती, कधी हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण मधुमेहात साखर मोजता येते, हाड मोडलं तर फोटोत दिसतं, तसं इथे काही नाही. स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे दाखवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आजही अस्तित्वात नाही. तुम्ही जे बोलता आणि घरचे जे बघतात, तोच रिपोर्ट. रिपोर्ट अर्धवट गेला तर उपचारही अर्धवटच व्हायचे.

जाण्याआधी: अर्धं पान

एक वही ठेवा. मोबाइल चालेल, पण मला कागद बरा वाटतो, कारण बोलणं जमलं नाही तर तो डॉक्टरांपुढे सरकवता येतो. मी हे दोनदा केलंय. त्यातल्या एका भेटीत मी शेवटपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, आणि तरीही ती माझ्या चांगल्या भेटींपैकी एक होती.

रोज एक ओळ पुरे. माझ्या वहीतली एक अशी आहे: "मंगळवार. झोप ३ तास. दुपारी आवाज दोनदा, त्रास १० पैकी ६. गोळी घेतली. आंघोळ नाही. उजवा हात थरथरतो." बस. भावना, विचार, कारणमीमांसा लिहायला बसलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. झोप, गोळी, आवाज किंवा संशय, शरीरात काही नवीन, आणि दिवसभरात काय केलं, एवढ्याच पाच गोष्टी. आंघोळ ही बारीकसारीक बाब वाटते, पण माझ्या डॉक्टरांनी एकदा फक्त 'आंघोळ नाही' या ओळी मोजून ओळखलं होतं की मी खाली चाललेय.

भेटीच्या आदल्या दिवशी ही पानं चाळा आणि तीनच प्रश्न काढा. सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात वर लिहा. आपण माणसं उलटं करतो: वजन, झोप, सर्टिफिकेट सगळं बोलून होतं, उठतो, दाराशी जातो आणि मग म्हणतो, "तसं एक होतं... आवाज परत यायला लागलेत." तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

चालू असलेली सगळी औषधं लिहून न्या. त्यात आयुर्वेदिक, झोपेची, सर्दीची, कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली, सगळी आली. दारू, गांजा, सिगारेटही लिहा. सिगारेटचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. धुरातल्या घटकांमुळे यकृत या आजारावरची काही औषधं, विशेषतः ओलान्झापिन आणि क्लोझापिन, भराभर निकालात काढतं. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याला डोस जास्त लागू शकतो, आणि त्याने ती एकदम सोडली तर त्याच डोसचं रक्तातलं प्रमाण वाढून त्रास होऊ शकतो. तेव्हा सिगारेट जरूर सोडा, फक्त आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

पहिल्या दोन-तीन भेटी: नावाबद्दल विचारा

"तुम्ही हे कशावरून ठरवलंत?" हा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटतं. विचारा. हवं तर असं म्हणा: "मला समजून घ्यायचंय, माझ्यात नेमकं काय दिसलं?" उत्तरात साधारण या गोष्टी येतील: नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी पाळतीवर आहे अशी खात्री, बोलण्यात तुटकपणा, आणि हळूहळू सगळ्यातून मन उडणं. किती दिवस हे चाललंय, याला फार किंमत आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ या नियमावलीनुसार त्रास एकूण सहा महिने तरी असावा लागतो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ नुसार एक महिना. म्हणूनच एका ठिकाणी वेगळं नाव आणि दुसरीकडे वेगळं, असं होऊ शकतं. नाव बदललं म्हणजे कोणीतरी फसवलं असा अर्थ नाही.

लगोलग दुसरा प्रश्न: "दुसरं काय असू शकतं, आणि ते तपासलंय का?" थायरॉइड, फिट्स, मेंदूची सूज, नशेचे पदार्थ, तीव्र नैराश्य किंवा बायपोलर आजार यांतही असेच भास होऊ शकतात. तपासण्या केल्या जातात त्या ही कारणं बाजूला काढण्यासाठी.

नावाबद्दल थोडं विषयांतर करते. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९०८ साली वापरात आणला. ग्रीकमधल्या 'दुभंगणे' आणि 'मन' या शब्दांवरून तो बनवला. मराठीत 'छिन्नमनस्कता' झाला तो त्यावरूनच. त्यातून एका अंगात दोन माणसं राहतात असा भलताच समज पसरला, तो काही केल्या जात नाही. माझ्या एका मावशीने मला "आत्ता तू कोणती आहेस?" असं विचारलं होतं, अगदी काळजीने. ब्लॉयलरला म्हणायचं होतं ते विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटण्याबद्दल. जपानमध्ये जुन्या नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा आजार' असा होता. तो पेशंटला तोंडावर सांगायला डॉक्टरच धजावत नसत. २००२ साली तिथे नाव बदललं. पुढच्या तीन वर्षांत, निदान ज्यांना स्पष्ट सांगितलं गेलं अशा पेशंटचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. तेव्हा तुमचे डॉक्टर नाव घ्यायचं टाळत असतील, 'केमिकल लोचा', 'मानसिक ताण' असं काहीबाही म्हणत असतील, तर त्यांना धीर द्या: "नाव सांगा, मी ऐकू शकते."

आणि निदानच पटत नसेल तर? कित्येकांना पटत नाही. आपण आजारी आहोत हे न कळणं हा बऱ्याचदा याच आजाराचा भाग असतो. मला पहिलं दीड वर्ष पटलं नव्हतं. तरी बोलणं अडत नाही. नावावर वाद घालत बसण्याऐवजी ज्याचा तुम्हाला स्वतःला त्रास होतोय ते सांगा: "तुम्ही म्हणता तसं काही मला नाही. पण झोप लागत नाही आणि फार भीती वाटते." इथून सुरुवात करायला कोणताही चांगला डॉक्टर तयार असतो.

गोळीबद्दल काय विचारायचं

गोळीचं नाव लिहून घ्या. पाकिटावरचं कंपनीचं नाव वेगळं, आत असलेल्या औषधाचं वेगळं. औषधाचं नाव महत्त्वाचं, कारण कंपनी बदलली तरी ते बदलत नाही. मग विचारा: यातून पहिल्यांदा काय सुधारेल, आणि कधी?

याचं उत्तर माहीत नसल्यामुळे किती गोळ्या कचऱ्यात जातात कोण जाणे. झोप आणि तगमग पहिल्या काही दिवसांत आटोक्यात येऊ शकते. आवाज आणि संशय यांना आठवडे लागतात. पुरेसा डोस सुरू झाल्यावर चार ते सहा आठवडे धरून चाला. दोन-तीन आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर तेही सांगा, डॉक्टर त्यावर पुढचं ठरवतात. आणि आवाज एके दिवशी बटण दाबल्यासारखे बंद होतात असंही नाही. माझे आधी लांब गेले. बाजूच्या खोलीत रेडिओ लागलाय आणि कोणीतरी दार लोटून घेतलंय, तसे. मग दिवसातून एकदा. मग लक्षात यायचं की आज आलेच नाहीत.

दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसने, प्रत्येकी सहा आठवडे तरी नियमित घेऊनही फरक नसेल तर एक नाव तुम्ही स्वतःहून काढा: क्लोझापिन. या औषधाची गोष्ट विलक्षण आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी एकदम घटून मृत्यू झाले आणि बऱ्याच ठिकाणी ते मागे घेतलं गेलं. पुढे १९८८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने सहा आठवड्यांत गुण आला, जुन्या औषधाने फक्त ४ टक्क्यांना. ते परत आलं, पण रक्ततपासणीच्या अटीवर. सुरुवातीला ही तपासणी दर आठवड्याला असते, नंतर अंतर वाढत जातं. ही कटकट टाळायला डॉक्टरही ते लांबणीवर टाकतात आणि पेशंटही. तेव्हा विचारा, "माझ्यासाठी क्लोझापिनची वेळ आली आहे का? नसेल तर का नाही?"

रोजची गोळी विसरत असाल किंवा रोज गोळी बघून आजार आठवत असेल, तर लांब पल्ल्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा. काही दोन आठवड्यांनी, काही महिन्याने, काही तीन महिन्यांनी घ्यायची असतात. पॅलिपेरिडोनचं तर सहा महिन्यांनी घ्यायचंही निघालंय. आधी गोळीने ते औषध सोसतंय का बघतात, मग इंजेक्शन.

गोळीशिवायच्या उपचारांबद्दलही विचारा. भास आणि संशयासाठीची सीबीटी, म्हणजे बोलण्यातून विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी उपचारपद्धती, असते, घरच्यांना बरोबर घेऊन करायचे उपचार असतात, कामावर परतण्यासाठी मदत असते. आपण विचारलं नाही तर बऱ्याचदा विषयच निघत नाही.

'अस्वस्थ वाटतं' असं म्हणू नका

आता ते वाक्य. माझी पहिली गोळी हॅलोपेरिडॉल होती. साधारण दहा दिवसांनी मला एका जागी बसवेना. खुर्चीत बसले की पायांत आतून कोणीतरी ढकलतंय असं व्हायचं. उभी राहिले की वजन या पायावरून त्या पायावर. रात्री हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारायचे. एकदा मोजल्या, ४०० नंतर सोडून दिलं. जेवायचे ताट हातात घेऊन, चालत. मला वाटायचं, हाच आजार आहे, हा असाच वाढत जाणार.

डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "खूप अस्वस्थ वाटतं."

या तीन शब्दांतून त्यांना कळलं ते असं: भीती, तगमग, आजार अजून काबूत नाही. त्यांनी डोस वाढवला. ते चूक नव्हते. माझ्या शब्दांतून तेवढंच निघत होतं. आठवड्याभरात माझी अवस्था अशी झाली की खिडकीतून उडी मारली तर निदान पाय थांबतील, असं वाटू लागलं. पुढच्या भेटीत मी पुन्हा तेच म्हणाले, आणि डोस पुन्हा वाढणार, एवढ्यात भाऊ म्हणाला, "डॉक्टर, ती जेवायलासुद्धा बसत नाही. ताट घेऊन फिरते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, "मनाला चैन पडत नाही, की पायांना?"

पायांना! चार महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. याला अकॅथिसिया म्हणतात. औषधाचा दुष्परिणाम आहे, आजार नाही. डोस वाढवला की तो वाढतो. त्यांनी डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध जोडलं आणि पाचव्या दिवशी मी पूर्ण जेवण बसून केलं. नंतर फाइल चाळली तेव्हा पहिल्याच तारखेची नोंद दिसली: 'पायांच्या चुळबुळीबद्दल कल्पना दिली, झाल्यास लगेच कळवणे.' म्हणजे ते त्या २२ मिनिटांत सांगून मोकळे झाले होते. मी पेन बघत होते, भाऊ घड्याळ.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. एक, उठण्याआधी मी ऐकलेलं माझ्या शब्दांत परत सांगते: "म्हणजे ही गोळी रात्री, असं-असं झालं तर फोन करायचा, बरोबर?" दुसरा, विशेषण वापरायचं नाही, प्रसंग सांगायचा. 'बरं वाटत नाही', 'डोकं जड', 'कसंतरी होतं' हे शब्द डॉक्टरांच्या काही उपयोगाचे नाहीत. कुठे, कधी, किती वेळ आणि त्यामुळे काय करता आलं नाही, हे सांगा. 'सुस्ती येते' असं म्हणू नका. "सकाळी ११ पर्यंत डोळे उघडत नाहीत, मग ठीक असते" म्हणा, कदाचित गोळीची वेळ बदलूनच काम भागेल. "दिवसभर पडून राहते, झोप नसते, पण काहीच करावंसं वाटत नाही" हे वेगळं. ते आजारामुळे असू शकतं, नैराश्यामुळे किंवा डोस जास्त झाल्यामुळेही. तिन्हींचे उपाय तीन. हे गोळी सुरू होण्याआधीही होतं का, ते नक्की सांगा, तिथूनच बरंचसं उकलतं.

जे बोलायची लाज वाटते ते

वजन. ओलान्झापिन आणि क्लोझापिनने ते सर्वांत जास्त वाढतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांतच झपाट्याने. 'जिभेवर ताबा ठेवा' एवढंच ऐकून परत येऊ नका. भूक खरोखर औषधाने वाढते. औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी झाली का विचारा. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग वर्षातून एकदा तरी ती व्हायला हवी. वजन त्याहून अधिक वेळा बघायचं. औषध बदलणं किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध जोडणं असे मार्ग असतात.

पाळी थांबणं, स्तनांतून दूध येणं, लैंगिक इच्छा जाणं, पुरुषांमध्ये ताठरता न येणं. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइड यांनी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्यातून हे होऊ शकतं. रक्तात मोजता येतं, उपायही आहेत. एका ओळखीच्या तरुणाने या एका कारणासाठी गुपचूप गोळी सोडली आणि सात महिन्यांत पुन्हा दवाखान्यात भरती झाला. डॉक्टरांसमोर तोंडाने म्हणणं जमत नसेल तर वहीत लिहा आणि बोट ठेवा. मूल हवं असेल, किंवा दिवस गेल्याचा संशय असेल, तर औषध स्वतःच्या मनाने बंद न करता लगेच भेटा.

मुलांना हा आजार होईल का, हाही प्रश्न घशाशी अडकलेला असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर धोका साधारण दहात एक, म्हणजे न होण्याची शक्यताच कितीतरी जास्त.

आवाज काय म्हणतात, हे सांगायचं का

सगळं शब्दशः सांगायची सक्ती नाही. माझे आवाज जे बोलायचे ते मी आजही कोणाला सांगितलेलं नाही. पण एक गोष्ट लपवू नका: ते काही करायला सांगतात का, आणि तुम्ही ऐकता का. "ते मला उडी मार म्हणतात. मी अजून ऐकलं नाही, पण काल गॅलरीत गेले होते." असं वाक्य बोलल्यावर खोलीतली हवा बदलते, हे खरं. तरी बोला. या आजारात सुमारे पाच टक्के माणसं आत्महत्येने जातात. सुरुवातीची वर्षं आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक. डॉक्टर हा प्रश्न रोजच्या रोज ऐकतात आणि त्याने हादरत नाहीत.

'सांगितलं तर भरती करतील' ही भीती मला होती. म्हणून हे पहिल्याच शांत भेटीत विचारून ठेवा: "मी इथे बोलते त्यातलं घरी काय सांगाल? कोणत्या परिस्थितीत मला न विचारता भरती कराल?" नियम जागोजागी वेगळे आहेत, उत्तर तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. जिवाला धोका असेल तेव्हा ते गप्प बसत नाहीत, एवढं सगळीकडेच सारखं.

संशय डॉक्टरांवरच असेल तर? होतं असं. मला वाटायचं, टेबलावरचा दिवा माझं रेकॉर्डिंग करतोय. तिसऱ्या भेटीत बोलून टाकलं. ते हसले नाहीत, समजावतही बसले नाहीत. दिवा उचलून बाहेर ठेवून आले आणि म्हणाले, "आता किती टक्के वाटतंय?" मी म्हणाले, "चाळीस." चाळीसवर बोलता येतं.

गोळी बंद करायची असेल तर आधी बोला

बरं वाटायला लागलं की हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. चोरून बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा, याच शब्दांत: "मला ही बंद करायची आहे. तुम्हाला काय वाटतं?" ते आकडे सांगतील. २०१२ साली ६५ चाचण्या एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. स्थिर झालेल्या पेशंटपैकी औषध चालू असलेल्यांत वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला. औषधाऐवजी दिखाऊ गोळी मिळालेल्यांत ६४ टक्क्यांचा. २७ म्हणजे शून्य नाही आणि ६४ म्हणजे शंभर नाही, त्यामुळे बोलायला जागा आहे. पहिल्याच वेळी आजारी पडलेल्यांना सहसा बरं वाटू लागल्यावरही निदान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. मग कमी करायचंच ठरलं तर कोणत्या महिन्यात किती, कोण लक्ष ठेवणार, कोणत्या खुणा दिसल्या की परत वाढवायचं, हे सगळं कागदावर घ्या. एका झटक्यात बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, वर झोप उडू शकते, मळमळू शकतं.

आणि गोळी आधीच सोडून बसला असाल, तर तेही खरं सांगा. 'घेते' म्हणालात तर डॉक्टर औषध लागू पडत नाही असं समजून डोस वाढवतील.

पटत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नसते. पहिल्यांना सांगून गेलात तर फाइल मिळते.

बरोबर येणाऱ्यासाठी

माझ्या भावाला मी हे वाचून दाखवलं, त्याने मान डोलावली, म्हणून लिहिते. पेशंट खोलीत असताना 'ती असं करते, ती तसं करते' असं तिच्या डोक्यावरून बोलू नका. आधी तिला बोलू द्या, मग तिला विचारून तुम्ही बोला. तुम्हीही प्रसंगच सांगा, निष्कर्ष नको. 'आळशी झालीय' यातून काही कळत नाही, 'ताट घेऊन फिरते' यातून माझा इलाज सापडला. भेटीतली काही मिनिटं पेशंटला डॉक्टरांशी एकटीला मिळू द्या. आणि घड्याळ बघू नका, लिहून घ्या.

पुढच्या तारखेची वाट बघायची नाही

मान, जबडा किंवा डोळे एकीकडे वळून अडकले, ताप येऊन अंग लाकडासारखं कडक झालं आणि भान हरपायला लागलं, क्लोझापिन चालू असताना ताप, घसादुखी किंवा हट्टी बद्धकोष्ठता झाली, छातीत दुखलं, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागले. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, गरज पडली तर रात्रीच, जवळच्या रुग्णालयात जायचं आणि कोणती गोळी चालू आहे ते सांगायचं. तोंड, जीभ आपोआप चघळल्यासारखी हलू लागली तर तातडी नाही, पण लवकर कळवा. ही हालचाल सुरुवातीलाच हेरली तर बरं.

एक कागद

बरं असताना डॉक्टरांबरोबर बसून एक पान तयार करा. आजार उलटण्याआधीच्या माझ्या खुणा त्यावर आहेत: दोन रात्री झोप नाही, फोन पालथा ठेवायला लागते, गाड्यांच्या नंबरांची बेरीज करते. अशा वेळी कोणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, कोणी मला हात लावलेला चालतो, हेही आहे. बऱ्याच देशांत अशा इच्छा कायदेशीर स्वरूपात नोंदवून ठेवण्याची सोय असते, तुमच्याकडे आहे का विचारा. हे पान भावाकडे एक, डॉक्टरांच्या फाइलमध्ये एक आणि माझ्या पिशवीत एक असं असतं. ११ वर्षांत माझे तीन डॉक्टर बदलले, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे मी बोलण्याआधी तेच ठेवलं. औषधांच्या रकान्यात पहिली ओळ आहे: "हॅलोपेरिडॉल. पायांना बसवत नव्हतं. 'अस्वस्थ' म्हणाले तर आधी पाय विचारा."